ओकोन्क्वो ट्रॅजिक आहे, पण गाइडमध्ये लिहिलंय त्या कारणाने नाही

एम.ए. इंग्लिश केलेल्या कुणालाही विचारा, 'थिंग्ज फॉल अपार्ट'वर परीक्षेला काय येतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, ओकोन्क्वो हा ट्रॅजिक हिरो आहे का, चर्चा करा. उत्तरही सगळ्यांचं पाठ असतं. मोठा माणूस, गावात मान, दोष एकच की आपण दुबळे दिसू याची भीती, त्या भीतीपायी चुकांवर चुका, मग गोरे येतात, सगळं हातातून जातं, शेवटी गळफास. म्हणून ट्रॅजिक हिरो. खाली रेघ मारायची आणि पुढचा प्रश्न घ्यायचा.

हे उत्तर चूक नाही, पण त्यात एक गोची आहे. ते सगळं लक्ष गोऱ्यांवर आणि शेवटच्या दोरावर ठेवतं, आणि हा माणूस बाप आहे ही गोष्ट मधल्या कुठल्यातरी मुद्द्यात एका ओळीत उरकून टाकतं. मला विचाराल तर ओकोन्क्वोची शोकांतिका पुस्तकाच्या शेवटी घडतच नाही. ती सातव्या प्रकरणात, जंगलातल्या एका पायवाटेवर घडून गेलेली असते, मिशनरी तिथे पोचायच्या कितीतरी आधी, आणि ती बाप म्हणून घडते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी पटकन स्टोरी सांगतो. चिनुआ अचेबेची ही पहिली कादंबरी, १९५८ मध्ये लंडनला छापली गेली. जागा म्हणजे आजच्या नायजेरियाचा आग्नेय भाग, इग्बो लोकांचं उमुओफिया गाव, काळ एकोणिसाव्या शतकाचा शेवट. ओकोन्क्वो अठराव्या वर्षी असा पैलवान पाडतो ज्याची पाठ सात वर्षं जमिनीला लागलेली नसते, तिथून त्याचं नाव होतं. पुढे यॅमची मोठी शेती (आपल्याकडचं कोनफळ त्याच जातकुळीतलं), तीन बायका, मुलंबाळं, पंचांमध्ये मान. मग एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीत त्याची बंदूक फुटते, त्यात त्या म्हाताऱ्याचाच सोळा वर्षांचा मुलगा मरतो, आणि रिवाजाप्रमाणे ओकोन्क्वोला सात वर्षं आईच्या माहेरगावी जाऊन राहावं लागतं. परत येतो तोवर गावात चर्च आलंय, कोर्ट आलंय, गोरा कमिशनर आलाय. एका सभेत तो कोर्टाच्या शिपायाला कोयत्याने मारतो, वाटतं की आता गाव पेटून उठेल, गाव उठत नाही, आणि हा घरामागे झाडाला लटकून घेतो.

आता 'ट्रॅजिक' शब्दाचा हिशोब. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने साधारण २३०० वर्षांपूर्वी 'पोएटिक्स' या पुस्तकात सांगितलं ते सोपं करून असं, की हिरो अगदी देवमाणूस नको कारण त्याचं वाटोळं झालेलं बघून आपल्याला फक्त चीड येईल, आणि पक्का हलकटही नको कारण त्याचं वाटोळं झालं तर आपण म्हणू बरं झालं. मधला हवा. त्याच्या हातून एक मोठी चूक व्हायला हवी, त्या चुकीतून सगळं उलटं फिरायला हवं, आणि कुठेतरी त्याला स्वतःला कळायला हवं की अरे, हे मीच केलं. बघणाऱ्याला त्याची कीव यावी आणि भीतीही वाटावी. गाइडवाले इथवरच येतात. पण त्याच पुस्तकात पुढे एक मुद्दा आहे जो कुणी फारसा लिहीत नाही, की शत्रूने शत्रूला मारलं तर त्यात विशेष काही नाही, अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला मारलं तरी नाही, शोकांतिका खरी चढते ती आपल्याच माणसाने आपल्या माणसाला मारलं की. बापाने पोराला, पोराने बापाला, भावाने भावाला. हा मुद्दा ओकोन्क्वोला लावून बघा, मग सगळं पुस्तक वेगळं दिसायला लागतं.

पण त्याआधी ओकोन्क्वोचा बाप. उनोका. उंच, किडकिडीत, जरा वाकून चालणारा, बासरी अप्रतिम वाजवायचा आणि पैसा हातात आला की ताडी घेऊन शेजाऱ्यांना बोलवायचा. उधारी गावभर. एकदा एक शेजारी येतो, कोला नट (पाहुण्याला मानाने द्यायचं कडसर बी) फोडतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग तो हळूच दोनशे कवड्यांची आठवण करून देतो. उनोका खो खो हसतो आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवतो. भिंतीवर खडूने रेघांचे पुंजके ओढलेले, एक पुंजका म्हणजे एक सावकार, एक रेघ म्हणजे शंभर कवड्या. म्हणतो, बघ किती मोठी मोठी देणी आहेत, आधी ती फेडणार, तुझं त्यानंतर. हा सीन इतका मजेदार लिहिलाय की वाचताना आपण उनोकाच्या बाजूने होऊन जातो, पण त्याच घरात वाढणाऱ्या पोराला त्यात मजा कुठून दिसणार? बरोबरीच्या पोरांनी चिडवलंय की तुझा बाप बायकी आहे, घरात खायला नाही, बापाकडून वारसा म्हणून ना कोठार ना जमीन ना मानाची पदवी. ओकोन्क्वो तिथेच ठरवून टाकतो की बापाला जे जे आवडायचं त्या सगळ्याचा आपण तिरस्कार करायचा, आणि त्या यादीत आळस येतो तसाच मऊपणाही येतो. घोळ इथून सुरू होतो. कारण उनोका कर्जबुडवा होता हे खरं, पण पोरावर त्याची माया होती. ओकोन्क्वो तरुणपणी उसन्या बियाण्यावर शेती करतो तेव्हा एका वर्षी आधी दुष्काळ मग अतिवृष्टी, सगळ्यांचं पीक जातं, एक माणूस तर फास लावून घेतो. तेव्हा हा आजारी, कफल्लक बाप त्याला म्हणतो की तुझं मन अभिमानी आहे, सगळ्यांचंच बुडालं तर अभिमानी माणूस त्यातून तरून जातो, माणूस एकटाच हरतो ना, ते जास्त कडू असतं. ओकोन्क्वोला त्या बडबडीचा वैताग येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता इकेमेफुना. शेजारच्या म्बाइनो गावच्या लोकांनी उमुओफियाची एक बाई मारलेली असते, लढाई टाळण्यासाठी ते भरपाई म्हणून एक मुलगी आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा देतात. मुलगा ओकोन्क्वोच्या घरी ठेवतात, त्याचं काय करायचं ते नंतर ठरवू म्हणून. ते 'नंतर' तीन वर्षं येतच नाही. या तीन वर्षांत पोरगा घरचा होऊन जातो. पहिला मुलगा न्वोये, जो बापाच्या धाकाने सदा दबलेला, तो इकेमेफुनाच्या मागे मागे फिरून खुलायला लागतो. आणि ओकोन्क्वोला हा मुलगा मनापासून आवडतो, दाखवत नाही अर्थात, कारण राग सोडून दुसरी कुठलीही भावना दाखवणं म्हणजे त्याच्या हिशोबात दुबळेपणा, पण पंचांच्या बैठकीला जाताना स्टूल आणि पिशवी घेऊन मागे चालायला त्यालाच नेतो, जसं सख्ख्या मुलाला नेतात तसं. पोरगा त्याला बाबा म्हणतो.

मग देवाचा कौल येतो की मुलाला मारा. गावातला सगळ्यात वयस्कर माणूस, एझेउदू, मुद्दाम घरी येऊन ओकोन्क्वोला बाजूला घेतो आणि सांगतो, गाव मारणार आहे, पण तू यात हात घालू नकोस, तो तुला बाप म्हणतो. इतकं स्पष्ट. यापेक्षा स्पष्ट इशारा कुठल्याच शोकांतिकेत कुणाला मिळाला नसेल.

तरी हा जातो. पोराला सांगितलंय की तुला तुझ्या घरी नेतोय. डोक्यावर ताडीचं मडकं, पुढेमागे गावची माणसं, मनात आईचा विचार, ती जिवंत असेल का, धाकटी बहीण आता केवढी झाली असेल. लहानपणचं एक गाणं तो मनात म्हणत पावलं टाकतो, गाणं उजव्या पायावर संपलं तर आई जिवंत, डाव्यावर संपलं तर नाही, आणि उजव्यावर संपतं म्हणजे आजारी नाही, बरी आहे... हा जो मुलांचा खेळ आहे ना, तो अचेबे बरोबर त्या जागी टाकतो जिथे वाचणाऱ्याला सगळं माहीत आहे आणि पोराला काहीच नाही. आधी ओकोन्क्वो त्याच्या पाठीशीच चालत असतो म्हणून त्याला धीर असतो. मग बाप मागे मागे राहत जातो. मागचा माणूस घसा खाकरतो, कोयता उचलतो, ओकोन्क्वो तोंड फिरवतो. वार होतो, मडकं वाळूत पडून फुटतं. पोरगा ओरडतो की बाबा, यांनी मला मारलं, आणि त्याच्याकडे धावत येतो. बाप कोयता उपसून त्याला तोडतो. का, तर लोक आपल्याला दुबळा म्हणतील अशी भीती वाटली. अचेबे ते कारण एका छोट्या वाक्यात सांगून मोकळा होतो, पुढे एक शब्द नाही.

त्या घाईत नीट बघा काय झालंय. पोरगा पळून जायला नाही, वाचवायला बापाकडे धावतोय. आणि बाप मारतो तो निर्दयपणाने नाही, भेदरून मारतो. गावात सगळ्यात शूर म्हणवणारा माणूस त्या क्षणी सगळ्यात जास्त घाबरलेला आहे. हाच त्याचा दोष, आणि तो पाच-सात प्रसंगांत पसरवून दाखवायची गरज नाही, या एका प्रसंगात अख्खा आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने तर असल्या प्रसंगांचीही प्रतवारी लावून ठेवलीय. सगळ्यात चांगलं कुठलं, तर माणूस आपल्याच माणसाला न ओळखता मारायला निघालाय आणि ऐनवेळी ओळख पटून थांबला. त्याखालोखाल, न ओळखता मारलं आणि नंतर कळलं, ईडिपससारखं (ग्रीक नाटकातला राजा, ज्याने बापाला न ओळखता मारलं). ओळखून सवरून मारलं, हे त्याखाली. ओकोन्क्वो तिथे बसतो, त्याला सगळं माहीत होतं. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या मार्कांनी गेलं तर अचेबेने कमी प्रतीचा प्रसंग लिहिला. मला हे अजिबात पटत नाही, उलट माहीत असून हात थांबत नाही यातच त्याची खरी धार आहे, कारण ईडिपसला म्हणायला जागा आहे की मला ठाऊक नव्हतं, ओकोन्क्वोला ती पळवाटच नाही. आणि कौल होता म्हणून, असंही म्हणता येत नाही. त्याचा दोस्त ओबिएरिका नंतर तोंडावर सांगतो की देवाने माझा मुलगा मारायला सांगितला तर मी वाद घालणार नाही, पण मारणारा मी नसेन. म्हणजे रिवाजात न जाण्याची वाट होती. गावाने त्याला नेलं नव्हतं, तोच गेला. यासाठी 'आफ्रिकन परंपराच क्रूर' असं लिहिणाऱ्यांची मला कमाल वाटते, पुस्तक अगदी उलट सांगतंय, परंपरा त्याला थांबवत होती.

घरी आल्यावर दोन दिवस जेवण नाही, नुसती ताडी, आणि स्वतःलाच शिव्या की तू थरथरणारी म्हातारी कधीपासून झालास. पश्चात्ताप आलेला आहे, पण त्याला तो ओळखू येत नाही, त्याला वाटतं हा दुबळेपणा आहे. झालं, बंद करून टाकतो.

न्वोयेला कुणी काही सांगत नाही. बाप त्या रात्री घरात येतो आणि पोराला कळतं, आतून काहीतरी तुटतं, ताणलेलं धनुष्य मोडावं तसं. ते तुटलेलं पुन्हा सांधत नाही. पुढे मिशनरी येतात तेव्हा न्वोये त्यांच्या तर्काला भुलत नाही, त्रैक्य (तीन रूपांतला एकच देव) वगैरे त्याला काही कळत नाही, त्याला ओढतं ते अंधारात बसलेल्या भावांबद्दलचं एक भजन, कारण त्याच्या डोक्यात इकेमेफुना बसलेला आहे. बापाला कळतं, तो पोराची मान आवळतो, मामेआजा ओरडून सोडवतो, पोरगा निघून जातो तो कायमचा. नंतर ओबिएरिका त्याला मिशनऱ्यांमध्ये बघतो आणि विचारतो, वडील कसे आहेत. न्वोये म्हणतो, माहीत नाही, तो माझा बाप नाही.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. परक्याचं पोर मरताना बाबा म्हणत धावत आलं, त्याला तोडलं. पोटचं पोर म्हणालं हा माझा बाप नाही. माझ्यासाठी कादंबरी या दोन वाक्यांच्या मध्ये आहे, बाकी राज्य, कोर्ट, कमिशनर हे सगळं त्यावर येऊन आदळतं. न्वोये ख्रिश्चन होताना नाव घेतो आयझॅक. बायबलमध्ये आयझॅकवर त्याचा बाप अब्राहम सुरी उगारतो आणि वरून आवाज येतो, थांब. अ‍ॅरिस्टॉटलच्या पहिल्या नंबरच्या प्रसंगाच्या जवळ जाणारं हे, बाप थांबला. उमुओफियातही आवाज आला होता, म्हाताऱ्या एझेउदूचा. ऐकला नाही.

इथे एक आक्षेप येतोच आणि तो रास्त आहे, की अरे हा माणूस बायकांना मारतो, एकीला शांतता-सप्ताहात बडवतो, दुसरीवर बंदूक झाडतो (नेम चुकतो म्हणून वाचते), अशा माणसाला ट्रॅजिक वगैरे म्हणून कशाला डोक्यावर घ्यायचं. आपल्याकडे ट्रॅजिक बाप म्हटलं की नटसम्राटमधले बेलवलकर डोळ्यांसमोर येतात, ज्यांनी पोरांवर विश्वास टाकला आणि ज्यांना पोरांच्या घरातून बाहेर पडावं लागलं, तिथे आपली सहानुभूती कुठे ठेवायची हा प्रश्नच पडत नाही. ओकोन्क्वोवर अन्याय होत नाही, तो करतो. मग कीव कशाची?

याचं उत्तर अचेबेने एका रात्रीत देऊन ठेवलंय. ओकोन्क्वोची दुसरी बायको एक्वेफी, हिची दहापैकी नऊ मुलं तान्हेपणीच गेली, एक मुलगी एझिन्मा जगली. एका रात्री त्याच देवाची पुजारीण येऊन एझिन्माला पाठीवर घेऊन डोंगरातल्या गुहेकडे निघते. आई अंधारात मागोमाग जाते. ओकोन्क्वो घरी बसून राहतो, कारण पुरुषाने लगेच धावणं बरं दिसत नाही. मग जातो, गुहेपाशी कुणी नाही, परत येतो. परत जातो. असं करत चौथ्या खेपेला त्याला तिथे एक्वेफी सापडते. ती अंधारात कुणीतरी दिसलं म्हणून किंचाळते, तर हा कोयता घेऊन उभा. दोघं मिळून गुहेच्या तोंडाशी बसून राहतात. त्याने चार खेपा घातल्या हे तेव्हा आपल्याला कळतही नाही, पुढच्या प्रकरणात असंच जाता जाता सांगितलंय. हा माणूस प्रेम करू शकतच नाही असं असतं तर विषय संपला असता, तो नुसता खलनायक. पण तो करतो, भरपूर करतो, फक्त कुणी बघत नसताना, रात्री, मर्दाला शोभेल एवढा वेळ आधी जाऊ देऊन. आणि एझिन्मासारखी पोर समोर असताना सारखं म्हणत राहतो की ही मुलगा असायला हवी होती. म्हणून कीव येते. त्याने बायकोवर झाडलेली बंदूक माफ करायची गरज नाही त्यासाठी.

दुसरा आक्षेप सोपा आहे, की बिचाऱ्याचं नशीबच खराब, बंदूक फुटली त्यात त्याचा काय दोष. इग्बो लोक म्हणतात की माणूस हो म्हणाला की त्याचा ची, म्हणजे त्याचा स्वतःचा दैवी जोडीदार, तोही हो म्हणतो, आणि हद्दपारीत ओकोन्क्वोला वाटतं की आपल्या बाबतीत हे खोटं ठरलं. असेल. पण बंदूक फुटून मेला कोण, तर त्याच एझेउदूचा मुलगा, ज्याने सांगितलं होतं की त्या पोराला हात लावू नकोस. अचेबे कुठेही म्हणत नाही की ही शिक्षा आहे. ओबिएरिकाने मात्र बजावलेलं असतं की असल्या कृत्याने पृथ्वीदेवी घरंच्या घरं बुडवते.

एका गोष्टीत मात्र ओकोन्क्वो अ‍ॅरिस्टॉटलच्या साच्यात बसत नाही, त्याला स्वतःला कधी कळतच नाही. न्वोये गेल्यावर तो शेकोटीपाशी बसून विचार करतो की मी धगधगती आग, माझ्या पोटी हा बुळा कसा जन्मला. मग निखाऱ्यांकडे बघता बघता त्याला उत्तर मिळतं, आगीतून राखच निपजते. आता लागेल उजेड असं वाटतं, एक पाऊल पुढे गेला असता तर कळलं असतं की राख आगच करते. पण तो तिथेच थांबतो, त्याच्या डोक्यात दोष राखेचा. काही समीक्षक म्हणतात की म्हणून तो पूर्ण ट्रॅजिक हिरो नाही. मला वाटतं न कळणं हेच इथे जास्त वाईट आहे, कळायचं काम मग आपल्यावर येऊन पडतं.

शेवट आता वेगळा दिसेल. शिपायाला मारल्यावर बाकीच्या शिपायांना लोक पळून जाऊ देतात, आणि गर्दीतून कुणीतरी विचारतं, याने असं का केलं? म्हणजे तो एकटा हरला, ज्याबद्दल उनोकाने सांगितलं होतं. गळफास घेतलेल्याला गावची माणसं हात लावू शकत नाहीत, ते पृथ्वीविरुद्धचं पाप, त्यामुळे ओबिएरिकाला कमिशनरच्या माणसांना विनवावं लागतं की प्रेत तुम्ही उतरवा. उनोकाही पोट सुजण्याच्या रोगाने मेला होता, त्यालाही गावच्या मातीत जागा मिळाली नव्हती, बासरी घेऊन तो अशुभ रानात मरायला गेला होता. जन्मभर ज्याच्यासारखं व्हायचं नाही म्हणून धडपडला त्याच्याच पंक्तीला जाऊन बसला. कमिशनर मनात म्हणतो की माझ्या पुस्तकात यावर एक परिच्छेद होईल, आणि गाइडवाले या जागी वसाहतवादावर दोन पानं लिहितात, ती बरोबरच आहेत, पण उनोका विसरतात.

एक गोष्ट राहिली. अचेबेने ही कादंबरी सुरुवातीला एकाच पुस्तकात मोठ्या काळाची म्हणून लिहिली होती, मग पुढचे भाग काढून टाकले आणि फक्त ओकोन्क्वो ठेवला. ओकोन्क्वोच्या नातवाला, ओबीला, १९६० मध्ये 'नो लाँगर अ‍ॅट ईझ' हे वेगळं पुस्तक मिळालं. मधल्या आयझॅकला, म्हणजे न्वोयेला, स्वतःचं पुस्तक मिळालंच नाही, त्या दुसऱ्या कादंबरीत तो फक्त म्हातारा बाप म्हणून दिसतो. ओबीला क्लारा नावाच्या मुलीशी लग्न करायचंय, ती ओसू, म्हणजे देवाला वाहिलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या लोकांपैकी. मिशनचा हा जुना माणूस, ज्याच्या धर्मात असला भेद नाही, तो पोराला नाही म्हणतो. आणि त्याच दिवसांतल्या एका बोलण्यात इतक्या वर्षांनी तो इकेमेफुनाचं नाव काढतो, तो मला भावासारखा होता, माझ्या बापाने त्याला स्वतःच्या हाताने मारलं, म्हणून मी गेलो, बापाच्या अंत्यविधीलाही आलो नाही. ओबी ऐकून घेतो. पण क्लाराबद्दल म्हाताऱ्याचं मत काही त्याने बदलत नाही.